५ रुपये १० पैसे

बहुतेक गृहनिर्माण संस्थांच्या वाहनतळावर मोटारसायकलचा एखादा हिशेबनीस असतोच, आणि पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात त्याला चुकवून गाडी बाहेर काढणे जवळजवळ अशक्य असते, एवढे सांगितले म्हणजे वाचकांना त्याची निराळी ओळख करून देण्याची गरज उरत नाही. इतर लोक नव्या गाडीचा रंग पाहतात, फार तर ‘ॲव्हरेज किती देते?’ असे विचारतात. हा मात्र ‘ऑन-रोड कितीला पडली?’ येथूनच सुरुवात करतो, कारण एक्स-शोरूम किंमत, म्हणजे वाहनकर, नोंदणी आणि विमा वगळून सांगितलेली किंमत, त्याच्या मते निव्वळ आमिष असते, आणि ऑन-रोड किंमत ही खर्चाची केवळ नांदी.

पेट्रोल, ऑइल, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक-शू, टायर, पीयूसी आणि घसारा, म्हणजे गाडी नुसती उभी राहिली तरी दरवर्षी उतरणारी तिची किंमत, हे सारे धरून त्याने किलोमीटरमागे ५ रुपये १० पैसे असा दर काढलेला असतो, आणि या दरातून जगातील काहीही सुटत नाही. दसऱ्याच्या पूजेतील झेंडूचा हार, नारळ आणि चाकाखाली चिरडलेले लिंबू ‘देखभाल’ या सदरात जमा होतात. स्वस्त मेथीसाठी ६ किलोमीटर फिरून आलेल्या शेजाऱ्याला ती जुडी ३० रुपये ६० पैशांनी महाग पडली, हे तो जुडी पिशवीबाहेर डोकावत असतानाच ऐकवतो. सासुरवाडी येऊन-जाऊन ८४ किलोमीटर असल्यामुळे तेथील पुरणपोळीवर ४२८ रुपये ४० पैशांचा बोजा आहे, असे त्याने एकदा पत्नीसमोर सिद्ध केले. त्यानंतर काही महिने घरात त्या दराचा उच्चार झाला नाही.

विम्यापाशी तर त्याला विशेष चेव येतो. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे झालेले नुकसान भरून देणारा विमा, सक्तीचा आहे. परंतु मालक-चालकाच्या अपघाताचा १५ लाखांचा विमा अनेकदा एकाच वर्षाचा घेतलेला असतो, आणि ‘५ वर्षांची काळजी मिटली’ या समजुतीत तो केव्हा संपला हे कळतही नाही. हे पालुपद इतक्यांदा ऐकवले गेले आहे की त्याला पाहताच लोक घाईघाईने हेल्मेट चढवतात. एका शेजाऱ्याने केवळ ही कटकट थांबावी म्हणून नूतनीकरण केले. पुढे तो महामार्गावरील अपघातात गेला, तेव्हा कपाटातील त्या कागदाचे मोल घरच्यांना ठाऊक नव्हते. पंचनाम्याची प्रत आणि वाहनपरवाना जुळवत विमा कचेरीच्या खेपा हिशेबनिसानेच घातल्या, हे नाइलाजाने का होईना, नोंदवावे लागते. त्या खेपांचे किलोमीटर डायरीत आहेत. दराने गुणायचे मात्र राहून गेलेले दिसते.

संस्थेवर याचा परिणाम बेताचाच झाला. पुढच्या दसऱ्याला तिसऱ्या मजल्यावरील तरुणाने त्याचे सर्व आकडे अर्धा तास मान डोलावत ऐकले आणि, ‘ते ठीक आहे काका, पण महिन्याचा हप्ता कितीचा बसेल तेवढं सांगा,’ असे म्हणून गाडी घेतली. पहिला पेढा त्याने हिशेबनिसालाच दिला, आणि त्यानेही तो भाव विचारून खाल्ला.