बॉनेटकाका

ठाणे-मुलुंडकडच्या कुठल्याही जुन्या सोसायटीत एका कोपऱ्यात खाकी कव्हराखाली प्रीमिअर पद्मिनी असते आणि तिच्या अवतीभवती बॉनेटकाका असतात. रविवारी सकाळी कव्हर निघतं, बॉनेट वर जातं. आत कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेलं १०८९ सीसीचं इंजिन, बाहेर काकांची पाठ. सोसायटीतल्या लहान मुलांनी काकांचा चेहरा नीटसा पाहिलेला नाही.

गाडीला काय झालंय, असं काकांना चुकूनही विचारू नये. हातातलं दूध नासेपर्यंत सुटका नाही. "मिसिंग करतेय," काका सुरू होतात. "आता मिसिंग म्हणजे एक तर प्लग, नाहीतर पॉइंट, नाहीतर कंडेन्सर. पण पेट्रोलमधून कचरा आला असला तर? जेट चोक झाला असला तर?" दर 'तर'ला एकेक पाना बाहेर येतो. धुराचं तर सगळं तोंडपाठ. काळा असला तर पेट्रोल जास्त जातंय, निळा असला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंगा गेल्या. पांढरा धूर थांबेना आणि रेडिएटरातलं पाणीही कमी व्हायला लागलं, की हेड गॅस्केट. हे सगळं खरं असतं, हीच पंचाईत. खोटं असतं तर त्यांना केव्हाच कमिटीवर घेतलं असतं.

काकांना राग येतो तो साध्या बिघाडाचा. मध्यंतरी सेल्फ घेत नव्हता, नुसतं टक् करून गप्प. काकांनी गाडीखाली सतरंजी अंथरून स्टार्टर उतरवला, कार्बन ब्रश तपासले, पुन्हा बसवला. तरी टक्. तेवढ्यात वॉचमन म्हणाला, "काका, बॅटरीवर ते पांढरं काय साचलंय?" टर्मिनल काढून गरम पाण्याने धुतलं, घासून घट्ट आवळलं आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू! बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका त्या दिवशी जेवले नाहीत म्हणे. आपली गाडी इतक्या क्षुल्लक कारणाने बंद पडावी, हे त्यांच्या मनाला लागलं होतं.

माझं तर मत आहे की काकांना गाडी दुरुस्त व्हायलाच नको असते. दुरुस्त झाली की ती चालवावी लागते. आणि चालवायची तर काकूंना घेऊन. मे महिन्यात कसारा घाट चढताना इंजिनाला चिकटलेला पेट्रोलपंप तापतो, पेट्रोलची वाफ होते आणि पद्मिनी वळणावर बसकण मारते. मग पंपावर ओलं फडकं गुंडाळून तो थंड होण्याची वाट बघायची. "घरात वापरले नाहीत तेवढे टॉवेल मी घाटात त्या पंपावर घातलेत," काकू सांगतात. नाशिकची लग्नं त्या हल्ली ट्रेननेच गाठतात.

शेजाऱ्यांच्या नव्या गाड्यांविषयी काका फार बोलत नाहीत. त्यांच्या मते बॉनेट उघडल्यावर प्लास्टिकचं झाकण दिसतं, ती गाडीच नव्हे. गॅरेजमधली पोरं कॉम्प्युटर जोडून बिघाड वाचतात, तर काका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरला टेकवून मूठ कानाला लावतात. "दोन नंबरचा टॅपेट वाजतोय." आणि तोच वाजत असतो.

२०२३च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा सगळं शहर हळहळलं. काकांची चिंता निराळी होती. टॅक्सीवाल्यांच्या जिवावर कुर्ल्यात सुटे भाग तरी मिळायचे, आता ते कोण ठेवणार? तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर पद्मिनीचा कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, काहीही पडलेलं असलं तर भंगारात घालू नका. काकांना निरोप द्या. न्यायला ते स्वतः येतील, रिक्षाने.