बातांची उगवणशक्ती

खोटे बोलणारा आणि बाता मारणारा यांच्यात हॅरी फ्रँकफर्ट या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८६च्या निबंधात भेद केला तो असा, की पहिल्याला खरे काय ते ठाऊक असते आणि ते झाकण्याचे कष्ट तरी तो घेतो, तर दुसऱ्याला आपले वाक्य खरे की खोटे याच्याशी कर्तव्यच नसते. नवीन जालन्यातील चहाच्या टपरीवर हा भेद प्रस्तुत लेखक अशा अधिकाराने समजावतो, की त्याच दमात सळईचा उद्याचा भाव आणि मोसंबीचा बहारही निकालात निघतो. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच जिल्ह्यात असल्याने दासबोधातील पढतमूर्खांच्या समासाचे थोडे श्रेय तो जिल्हावासी या नात्याने घेतो. त्यातली लक्षणे मात्र त्याला नेहमी शेजारच्या बाकावरच आढळतात.

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जेथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली, त्या बियाण्यांच्या शहरात बोलण्याची परीक्षा कोणी घेऊ नये, ही खेदाची बाब होय. उगवणशक्ती, म्हणजे शंभर दाण्यांतून निकोप अंकुरणाऱ्यांचे प्रमाण, सोयाबीनमध्ये किमान सत्तर असावे असा दंडक आहे, आणि ती घरी पाहायची तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात मांडून, गुंडाळी करून, ओल टिकवत सावलीत ठेवतात. एखाद्या वक्त्याची शंभर विधाने अशी गुंडाळली, तर काही कुजतील, काहींचे मोड वाकडे निघतील, ‘दहा मिनिटांत पोहोचतो’ हे तर पाणी लागताच फुगून फुटेल. ‘जेवूनच आलो’ हे मात्र न उगवताही पेरणीयोग्य मानावे लागेल, कारण ते छाप पाडण्यासाठी नव्हे, तर दमलेल्या गृहिणीला पुन्हा चुलीपुढे बसावे लागू नये म्हणून उच्चारलेले असते. प्रस्तुत लेखकाच्या विधानांची चाचणी गोणपाटाच्या टंचाईमुळे प्रलंबित आहे.

परंतु मृग बरसल्यावर दुकानाच्या काउंटरवरून ‘बिनधास्त न्या, एक दाणा वाया जाणार नाही’ असे सांगणाऱ्याने पिशवीवरचे लेबलही वाचलेले नसते आणि ऐकणाऱ्याच्या खिशात उसनवारीचे पैसे असतात, तेव्हा हा भेद टपरीवरच्याइतका गमतीचा राहत नाही. बियाणे दगा देते, दुबार पेरणी करावी लागते, आणि हंगाम सरकतो तो सरकतोच. तक्रारीसाठी पावती, लेबल आणि थोडे बियाणे जपून ठेवावे, असे कृषी विभाग बजावत असतो. काउंटरवरचे ते वाक्य मात्र नमुना म्हणून हजर करता येत नाही, आणि ते उच्चारणारा तोवर पुढच्या गिऱ्हाइकाला तितक्याच खात्रीने हरभऱ्याचे बियाणे दाखवू लागलेला असतो.