फेडररची रॅकेट, सोलापुरी मनगट

सोलापूरकर चादर घेताना ती उलगडतो, चिमटीत धरतो, वजन जोखतो. तोच गृहस्थ पोराच्या पहिल्या टेनिस रॅकेटसाठी दुकानात शिरला की एवढंच विचारतो, ‘फेडररवाली आहे का?’ ती तारांविनाच ३४० ग्रॅमची, तोंड ९७ चौरस इंचांचं. नवख्या मोठ्या माणसालाही पावणेतीनशे ग्रॅमच्या आतली, शंभरच्या वर तोंडाची बरी. दहा वर्षांच्या पोराला २५-२६ इंची पुरते. पण ती स्वस्त, मग शेजाऱ्यांना दाखवायचं काय?

आपल्याच बार्शीची प्रार्थना ठोंबरे २०१४च्या आशियाई स्पर्धेत सानिया मिर्झासोबत कांस्यपदक जिंकली. तिच्यासारखी रॅकेट कुणी मागत नाही. फेडररच हवा, तो २०२२ सालीच निवृत्त झालाय.