वाघाला खंदक, आईला पायरी

प्राणिसंग्रहालयात जायचंच असेल तर प्राणी म्हणून जावं, माणूस म्हणून जाण्यात काही राम नाही. भायखळ्याच्या राणीच्या बागेत 2016 साली दक्षिण कोरियाहून पेंग्विन आले. पाहुण्यांना मुंबईची हवा सोसणार नाही म्हणून त्यांना थंडगार घर मिळालं, पोहायला पाणी मिळालं, डॉक्टर मिळाले. उत्तमच झालं. परदेशी पक्ष्याला काय लागेल हे आपल्याला तो विमानात बसायच्या आधी कळतं. घरातल्या म्हातारीला काय लागेल, हे मात्र ती पायरीपाशी अडकल्यावर.

माणसांसाठी कायदा नाही असं कुणी म्हणू नये. त्याच 2016 मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. अपंगत्वाचे प्रकार 7 चे 21 झाले. जुन्या सार्वजनिक इमारती 5 वर्षांत सुगम्य करायच्या ठरल्या. तेवढ्यात पेंग्विनांनी संसार थाटले, पिल्लं वाढवली. आपण अजून रॅम्पच्या तोंडाशी आहोत. नियमांतली मानकं नुसती शिफारशीसारखी नकोत, सक्तीची हवीत, ती तीन महिन्यांत करा, असं सर्वोच्च न्यायालयाला नोव्हेंबर 2024 मध्ये सांगावं लागलं.

आमच्या शहराजवळच्या एका वन्यप्राणी उद्यानात रॅम्प आहे, हे आधी कबूल करतो. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी, हा सर्वमान्य हिशेब. इथल्या रॅम्पची घसरण पाहता तो बांधणाऱ्याच्या डोळ्यांसमोर व्हीलचेअर नसून पावसाचं पाणी असावं. शिवाय तो संपतो तिथे दोन पायऱ्या आहेत. ब्रेलमधली माहितीपाटीही आहे, दोरीच्या पलीकडे. शेजारी लिहिलंय, 'हात लावू नये'.

आधार कार्ड ठेवून घेतलं की व्हीलचेअर मिळते. आम्हाला मिळालेल्या खुर्चीला पाय ठेवायची पट्टी एकच होती, डाव्या बाजूला. त्यामुळे आईचा उजवा पाय दिवसभर हवेत. बॅटरीवरच्या गाडीची पायरी माझ्याच गुडघ्याला लागत होती.

"आजी, जरा पाय उचला की," ड्रायव्हर म्हणाला.

"पाय उचलता आला असता तर तुझ्या गाडीत कशाला आले असते रे?"

याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण भाडं मात्र त्यानं आधीच घेतलं होतं.

दिव्यांगांच्या स्वच्छतागृहावर निळी पाटी होती आणि पाटीखाली कुलूप. किल्लीवाले मामा जेवायला गेलेले. ते आले, दार उघडलं, तर आत खराटे, चुन्याची पोती आणि वन्यजीव सप्ताहाचे जुने फलक. मामांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "लई घाई आहे का?"

शेवटी वाघ. वाघ आणि माणूस यांच्यामध्ये खंदक, खंदकाच्या अलीकडे कठडा. कठडा सुरक्षेच्या दृष्टीनं निर्दोष होता: खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बरोबर डोळ्यांवर येत होता. आईला वाघ दिसेना. मग माझ्या मुलानं धावतं समालोचन सुरू केलं. "आजी, आता तो उठला... आता जांभई देतोय... आता पाठ केली." अखेर त्यानं मोबाईल उंच धरून व्हिडिओ काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. पलीकडे वाघ जिवंत हिंडत असताना आई चष्मा पुसून त्याला स्क्रीनवर पाहत होती.

"हा तर घरी पंख्याखाली बसूनही दिसला असता," ती म्हणाली. तिकीट अर्थातच पूर्ण होतं.

निघताना तिकीट खिडकीवरच्या साहेबांनी आधार कार्ड परत देण्याआधी खुर्ची चारही बाजूंनी तपासली. चाकं फिरवली, खाली वाकले आणि चमकून वर पाहिलं.

"पाय ठेवायची एक पट्टी दिसत नाही. कुठे गेली?"

"वाघानं नेली," आई म्हणाली. "जाऊन विचारा."