सर्वसामान्य नागरिक

बातम्या बघत असाल तर आमच्या काकांना तुम्ही नक्की पाहिलंय. अर्थसंकल्प आला, पेट्रोल वाढलं, पहिल्या पावसात रस्ता खचला, की वार्ताहर ज्यांच्या तोंडासमोर माईक धरतो आणि खालच्या पट्टीवर नावाऐवजी ‘सर्वसामान्य नागरिक’ असं उमटतं, ते आमचे काका. चौकड्यांचा शर्ट, खिशाला पेन, काखेत छत्री. छत्री उन्हाळ्यातही असते. मोकळ्या हातानं प्रतिक्रिया देता येत नाही, असं त्यांचं मत आहे.

ठाण्यात टेंभी नाक्यावर राहिल्याचा हा फायदा. राज्याच्या राजकारणात काही हललं की चॅनेलची गाडी शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांच्या आनंद आश्रमासमोर येऊन उभी राहते, आणि गाडीचं दार उघडायच्या आत काका फ्रेममध्ये असतात. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले, त्या दिवसांत काकूंनी त्यांचा चहा थर्मासमधून खाली पाठवला. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं शिवसेनेचा धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिला, तेव्हा एका चॅनेलला ते म्हणाले, “अपेक्षितच होतं.” दहा पावलांवर दुसरा माईक होता. तिथं म्हणाले, “कल्पनाही केली नव्हती.” दोन्ही वाक्यं मनापासून होती. माणूस खोटं बोलत नाही. समोरच्याचा हिरमोड करत नाही, इतकंच.

‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही. सुरुवात ‘हे बघा’नं, शेवट ‘बाकी जनता सुज्ञ आहे’नं. मधे काहीही बसतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी अमेरिका हातात घेतली. मुलगा न्यू जर्सीत. त्यानं सहज सांगितलं, की रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या इच्छुकांचा पहिला वादविवाद मिलवॉकीत २३ तारखेला, त्याच्या घड्याळात रात्री नऊला आहे. म्हणजे आपल्याकडे २४ ला सकाळी साडेसहाला. शिवाय म्हणाला, तिकडे साध्या लोकांना एका खोलीत बसवून हातात फिरवायची चकती देतात. बोलणं पटलं की चकती पुढं, नाही पटलं की मागं. त्यावरून लोकांची प्रतिक्रिया मोजतात आणि पुष्कळदा बसण्याचे पैसेही देतात. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “इतकी वर्षं मी फुकट बोललो.”

२३ ला संध्याकाळी चांद्रयान उतरलं. काकांनी त्यावर तीन प्रतिक्रिया दिल्या, लवकर झोपले आणि पहाटे उठून टीव्हीसमोर बसले. चकती नव्हती, म्हणून खुर्ची भिंतीला लावून हात पंख्याच्या रेग्युलेटरवर ठेवला. काकू सांगतात, “दोन तास घरात ऋतू बदलत होते. निकी हेली बोलल्या की पंखा चारवर, पेन्स बोलले की एकवर. मधेच बंद. मी विचारलं, अहो, काय झालं? तर म्हणाले, हवामानबदलाचा प्रश्न आलाय, कुणीच नीट बोलत नाहीये.”

साडेआठला काका टपरीवर उतरले. कटिंग घ्यायच्या आधीच सुरू.

“हे बघा, आठ जण उभे होते. सगळे एकाच पक्षाचे. आणि समोरासमोर एकमेकांना वाट्टेल ते बोलत होते!”

टपरीवाल्याचा विश्वास बसेना. “एकाच पक्षाचे? मग पक्ष कुणी फोडला?”

“कुणीच नाही! संपल्यावर आपापल्या घरी गेले.”

“सुरतेला नाही गेले?”

ही गोष्ट आम्हा सगळ्यांनाच पचायला जड गेली. आपल्याकडे स्वतःच्या पक्षात मतभेद सांगायचा तर माणूस आधी राज्याची हद्द ओलांडतो, हॉटेल गाठतो, मग बोलतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये काँग्रेसनं अध्यक्षपदाची निवडणूक घेतली, खर्गे ७,८९७, थरूर १,०७२. पण दोघांना एका व्यासपीठावर आणून जुंपून दिलं नाही, हे शल्य काकांना अजून आहे. मतमोजणीवर प्रतिक्रिया द्यायला कुणालाही येतं. भांडणावर देण्यात कसब लागतं.

मंचावर यायची अटही त्यांनी खुलवून सांगितली. चाचण्यांमध्ये निदान एक टक्का पाठिंबा हवा आणि वर चाळीस हजार वेगवेगळे देणगीदार. नॉर्थ डकोटाचे गव्हर्नर बर्गम यांनी त्यावर तोड काढली: एक डॉलर देणगी द्या, वीस डॉलरचं गिफ्ट कार्ड घेऊन जा. इथं मात्र टपरीवर कुणाला नवल वाटलं नाही. “उघड देतात, एवढाच फरक,” कुणीतरी म्हणालं. याच बर्गमांची आदल्या दिवशी बास्केटबॉल खेळताना टाच दुखावली होती, तरी गडी एका पायावर उभा राहिला. ह्याचं काकांना फार कौतुक. हंडी ७ सप्टेंबरला होती, पोरांचा सराव रोज रात्री चालू होता, त्यामुळे एका पायावर उभं राहण्याची किंमत नाक्याला कळत होती.

मग काका मुद्द्यावर आले. विचारणा झाली, की ट्रम्पना कोर्टात दोषी ठरवलं आणि तरी पक्षानं त्यांनाच उमेदवार केलं, तर पाठिंबा कोण देईल? आठांपैकी सहांचे हात वर. “पण डिसँटिस!” काकांनी छत्री टेकवली. “त्यानं आधी डावीकडं बघितलं, मग उजवीकडं, मग हात वर केला. अगदी आपल्या सोसायटीची सभा.” प्रत्येकानं निष्ठेची लेखी शपथ दिली होती, हे ऐकून मात्र नाका हसला. आदल्या वर्षी शिवसेना फुटल्यावर इथं निष्ठेची प्रतिज्ञापत्रं गठ्ठ्यांनी लिहिली गेली होती. शपथेची शाई किती दिवस टिकते, याचा अंदाज मिलवॉकीपेक्षा ठाण्याला जास्त.

“आणि आपली माणसं?” कुणीतरी विचारलं.

“दोघं होती. रामस्वामी आणि हेली. आईवडील एकाचे केरळचे, दुसरीचे पंजाबचे. सगळ्यांत जोरात तेच दोघं भांडले.” काका क्षणभर थांबले. “मुलाच्या तिकडच्या मंडळात गणपतीच्या वर्गणीवरून असंच होतं.”

“पण जिंकलं कोण?”

“जो आलाच नाही तो. ट्रम्प.”

कुणी काही बोललं नाही. नाक्यावरच्या बॅनरवर दिघे साहेबांचा फोटो होता. दोन दिवसांवर, २६ तारखेला, पुण्यतिथी. २००१ साली गेलेला माणूस दोन्ही गटांच्या बॅनरवर सगळ्यांत मोठा छापला जातो. समोर नसलेल्याचं वजन इथं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मीच आगाऊपणा केला. “काका, तुम्हाला तिकडे मत आहे का?”

“नाही.”

“मुलाला?”

“व्हिसावर आहे. त्यालाही नाही.”

“मग?”

“मग काय? इथं तरी कुठं आहे? २०१७ ला नगरसेवक निवडला, मार्च २०२२ ला मुदत संपली, तेव्हापासून पालिकेत प्रशासक. द्यायला मत नाही म्हणून असलेलं मत मांडायचं नाही का?”

यावर उत्तर नव्हतं. मी चहाचे पैसे दिले.

संध्याकाळी चॅनेलची गाडी आलीच. काका सकाळपासून तयार होते. पेनसुद्धा बदललं होतं. माईक समोर आला आणि वार्ताहर मुलगी म्हणाली, “काका, कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलंय, काय वाटतं?”

काकांच्या चेहऱ्यावरून मिलवॉकी उतरताना मी पाहिलं. पण गडी एका पायावरही उभा राहणाऱ्यातला. “हे बघा,” ते म्हणाले, “चर्चा समोरासमोर व्हायला हवी. शेतकरी, व्यापारी, सरकार, सगळ्यांना एका मंचावर उभं करा. दोन-दोन मिनिटं द्या. हात वर करायला सांगा. बाकी जनता सुज्ञ आहे.”

रात्री नऊच्या बातम्यांत ते अकरा सेकंद दिसले. आम्ही चार-पाच जण त्यांच्याच घरी जमलो होतो. पट्टी उमटली, ‘सर्वसामान्य नागरिक’, काका खुर्चीत सावरून बसले. काकू पोह्यांच्या बश्या ठेवून भिंतीपाशी गेल्या, पडद्यावरच्या नवऱ्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकलं आणि पंखा चारवरून एकवर आणला.