गुडघ्याची सूज आणि तुमची बाटली

लोअर परळच्या एका जिमच्या काउंटरमागे बसून ओमेगाच्या कॅप्सूल विकणाऱ्या साहेबांस,



तुमचं नाव इथे लिहीत नाही. पुढचा मजकूर वाचून तुम्ही स्वतःला ओळखालच. तुमच्यासारखे जे आणखी कोणी करी रोडपासून वरळी नाक्यापर्यंत बाटल्या मांडून बसलेत, त्यांनीही हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

तुमची जीभ चांगली चालते, हे मान्य. आमच्या कबड्डी संघातली पोरं ना. म. जोशी मार्गाच्या आसपासच्या चाळींतली. कोणी दिवसभर पार्सलं पोचवतो, कोणी मॉलच्या दारात सिक्युरिटीच्या गणवेशात उभा असतो. ही पोरं आईच्या हातात पगार देताना दोनदा मोजतात. तुम्ही मात्र पाच मिनिटांत त्यांच्याकडून बाटलीचे पैसे काढता. ‘बॉडीत इन्फ्लमेशन आहे’ एवढं एक वाक्य तुम्हाला पुरतं.

आमचा डावा कोपरा सांभाळणारा मुलगा असाच तुमच्याकडे आला होता. चढाईला आलेल्याचा घोटा त्याने धरला, गडी वळला आणि याच्या गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. रात्रीपर्यंत गुडघा टम्म फुगला, वाटीचा आकारही दिसेना. बाजूने दाबलं की आतलं पाणी दुसऱ्या बाजूला सरकत होतं. आवाज येऊन काही तासांत अशी सूज आली की आतला लिगामेंट गेला असण्याची शंका घ्यायची, हे गावोगावचे कबड्डीचे पंचही सांगतील. तुम्ही त्या गुडघ्याला हातसुद्धा लावला नाहीत. गुडघा तपासायला खुर्चीतून उठावं लागतं, बाटली काढायला नुसता हात लांब केला तरी पुरतो. ‘ओमेगा डबल कर भाऊ, सूज उतरेल, खेळत राहा,’ असं म्हणालात. तो खेळत राहिला. पुढे जिना उतरताना गुडघा निसटला तेव्हा एमआरआय झाला. लिगामेंट तुटलेला होताच, अस्थिर गुडघ्यावर खेळून खेळून आतली गादीही फाटली होती.

मुळात तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीत. बैठका मारल्या, उतारावरून पळालं, वजन हळूहळू खाली आणलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. स्नायूंचे धागे बारीक फाटलेले असतात. तिथे पांढऱ्या पेशी येतात, मोडकं उचलतात, मग दुरुस्तीच्या पेशींना जाग येते आणि स्नायू आधीपेक्षा घट्ट होतो. हा दाह, तुमच्या भाषेत इन्फ्लमेशन, कामाचा असतो आणि तीन-चार दिवसांत आपला आपण ओसरतो. सांध्यात पाणी भरणं ही दुखापत आहे. पहिल्याला झोप, जेवण आणि थोडा धीर लागतो, दुसऱ्याला डॉक्टर लागतो. तुमच्याकडे दोघांसाठी एकच बाटली!

दाह दिसला की तो मारायचाच, हे तुम्हाला कोणी शिकवलं? २०१८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. वजनं उचलणाऱ्या तरुण मुलामुलींपैकी काहींना आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन दिलं. ज्यांना अगदी कमी ॲस्पिरिन मिळत होतं, त्यांच्या तुलनेत या गटाचे स्नायू निम्मेच वाढले. ते औषध वेगळं आणि तुमच्या ओमेगातलं माशाचं तेल वेगळं, त्यामुळे तुमच्या कॅप्सूलवर मी तो आरोप करत नाही. पण ‘इन्फ्लमेशन झीरो’ ही पाटी तुम्ही भिंतीवर लावलीय. ते झीरो झालं तर खेळाडूच्या हाती काय उरतं, याचं उत्तर त्या प्रयोगात आहे.

शिवाय व्यायाम स्वतःच दाह आवरतो. कोपनहेगनच्या बेंटे क्लारलुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की काम करणारा स्नायू इंटरल्यूकिन-६ नावाचा रेणू रक्तात सोडतो आणि त्याच्या मागोमाग दाह शमवणारे रेणू वाढतात. नेमाने मैदानात उतरणाऱ्या पोराला हे फुकट मिळतं. तुम्ही त्याला घाबरवून जे विकता, त्यातलं बरंचसं त्याने घाम गाळून आधीच कमावलेलं असतं.

आता बाटली उलटी करा. पुढे ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम. मागे, भिंग लावून वाचावं इतक्या बारीक अक्षरांत, ईपीए १८० आणि डीएचए १२०. ओमेगातली कामाची द्रव्यं ही दोनच, मिळून ३०० मिलिग्रॅम. उरलेलं माशाचं बाकीचं तेल. ज्या प्रयोगांत व्यायामानंतरचं दुखणं थोडंफार कमी झालं, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ही दोन द्रव्यं मिळून रोज दोन-तीन ग्रॅम दिली होती, आणि तीही कित्येक आठवडे, कारण ती पेशींच्या आवरणात जाऊन बसायलाच तेवढा वेळ लागतो. इतर प्रयोगांत काहीच फरक पडला नाही, आणि सगळे मिळून खेळाडू थोडेच. दोन ग्रॅम गाठायचे तर तुमच्या सात कॅप्सूल रोज घ्याव्या लागतील. साठांची बाटली नवव्या दिवशी संपेल. तुम्ही सांगता ‘रोज एक’. खरी मात्रा सांगितली तर गिऱ्हाईक उठून जाईल, हे तुम्हाला पक्कं माहीत आहे.

‘तेलच आहे, जास्त घेतलं तर काय बिघडतं?’ हेही तुमचंच वाक्य. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या हजारो लोकांवर मोठ्या चाचण्या झाल्या. रोज चार ग्रॅमच्या मात्रेत काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. वीस वर्षांच्या धडधाकट मुलाला तेच होईल असं मी म्हणणार नाही. पण ‘डबल कर’ म्हणण्याआधी हे माहीत तरी असावं.

त्या मुलाच्या बाटलीतली एक कॅप्सूल मी टाचणीने फोडून बशीत पिळली. जुन्या तळणीच्या तेलासारखा खवट वास आला. असं तेल हवा आणि उष्णता लागली की बिघडतं. तुमच्या बाटल्या काचेच्या दर्शनी कपाटात, ऊन पडतं त्याच फळीवर असतात. त्याच लेबलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशी सक्तीची सूचनाही इंग्रजीत छापलेली आहे. कंपनीने लिहून हात वर केले, तुम्ही ती वाचली नाहीत, आणि गुडघा गेला पोराचा.

ओमेगा-३ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. शरीराला ते लागतं. आमच्याकडे बाजारात तारली येते, बांगडा येतो. आठवड्यातून दोनदा असा मासा ताटात असला तर चाळीतल्या मुलाला तेलाबरोबर प्रथिनंही मिळतात, आणि तो मासा घरात सगळ्यांना पुरतो. माळकरी घरातल्या मुलाला तुम्ही जवसाच्या कॅप्सूल ‘सेम टू सेम’ म्हणून दिल्यात. जवसातलं ओमेगा वेगळं असतं. त्यातला फार थोडा भाग शरीर ईपीएमध्ये बदलतं, आणि डीएचएमध्ये तर त्याहूनही कमी. जवसाची चटणी त्याने खुशाल खावी. शाकाहारी माणसाला ईपीए-डीएचएच हवं असेल तर शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं. तुमच्याच कपाटात ते खालच्या खणात पडून आहे.

आमच्यातली दोन पोरं पुढे मोठ्या स्पर्धांत जातील. तिथे उत्तेजकांची चाचणी होते. लघवीत काही सापडलं तर ‘जिममधल्या साहेबांनी दिलं होतं’ हे कोणी ऐकून घेत नाही, बंदी खेळाडूवरच येते. तुमच्या सप्लिमेंटांच्या कोणत्या बॅचची तपासणी झाली आहे, याचा एक तरी कागद तुमच्याकडे आहे का?

बाटलीचे पैसे परत मागायला मी आलेलो नाही. ‘इन्फ्लमेशन झीरो’ची पाटी उतरवा. प्रत्येक बाटलीखाली एका कॅप्सूलमधलं ईपीए आणि डीएचए मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. सांधा सुजलेला मुलगा आला की विक्री थांबवा आणि त्याला त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवा. केईएम इथून फार लांब नाही, रस्ता माहीत नसेल तर आमचा कोणीही पोरगा सोबत येईल. आणि त्या मुलाच्या घरी जा. ऑपरेशन झालंय, पाय उशीवर ठेवून तो पडून असतो. तुम्ही डॉक्टर नव्हता, हे त्याच्या आईला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

आपला,
कबड्डीच्या पोरांचा एक प्रशिक्षक,
लोअर परळ