सेवानिवृत्तांसाठी आनंदाची कार्यपद्धती (फक्त जळगाव व धुळे जिल्ह्यांकरिता)

ही कार्यपद्धती निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून अमलात येईल. पहिला दिवस हार, शाल, श्रीफळ आणि 'आता आराम करा साहेब' यांत जातो, म्हणून तो हिशेबात धरलेला नाही. 'आराम करा' म्हणणाऱ्यांपैकी एकाचा डोळा आपल्या खुर्चीवर होता, हे मनाला लावून घेऊ नये.

आधी हेतू. आनंदी माणूस म्हातारपणी धडधाकट राहतो, असे सगळेच सांगतात. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या एका लहान गावी पन्नाशी ओलांडलेल्या 660 जणांवर संशोधकांनी बरीच वर्षे नजर ठेवली आणि 2002 साली छापले, की आपल्या म्हातारपणाबद्दल ज्यांचे मत चांगले होते ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे जास्त जगले. हे वाचून लगेच हसत सुटू नये. 2015 साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनच्या सात लाखांवर बायकांचा अभ्यास आला. त्याचे म्हणणे उलटे: नुसत्या आनंदाने आयुष्य वाढत नाही. आजारपण माणसाला दुःखी करते, माणूस जातो आजारपणाने, आणि खापर फुटते दुःखावर. हार्वर्डवाल्यांनी 1938 पासून अभ्यासाला धरून ठेवलेली माणसे मात्र मधला रस्ता दाखवतात. पन्नाशीत ज्यांचे आपल्या माणसांशी बरे होते, ती ऐंशीत तब्येतीने बरी निघाली. तेव्हा आनंद थेट गिळता येत नाही. तो चार माणसांतून घ्यावा लागतो. ही चार माणसे जळगावात सकाळी सहाला मेहरूण तलावाच्या काठी आणि धुळ्यात पांझरेच्या बाजूला सापडतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, त्यामुळे आठच्या आत आनंद उरकून घरी यावे.

चार माणसे मिळाली की हास्यक्लब काढायची ऊर्मी येईल. ती दाबावी. डॉ. मदन कटारियांनी 1995 साली मुंबईतल्या एका बागेत पहिला हास्यक्लब सुरू केला. मुंबईला ते शोभते. आपल्याकडे दोन्ही हात वर करून 'हा हा हा' करणारा माणूस दिसला तर तलावाला फेरी मारणारे पोरगे त्याच्या घरी फोन लावते. खान्देशी माणूस तक्रारीवर फुलतो. म्हणून प्रत्येकाने एक तक्रार पाळावी. ती टिकाऊ असावी, सुटणारी नसावी. गटारीची तक्रार घेऊ नये. चुकून एखादे दिवशी महापालिका गटार बांधून मोकळी होते आणि माणूस उघडा पडतो. भुसावळच्या रेल्वे पेन्शनरांकडे फार दणकट माल आहे: ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, ती परत आली नाही. या एका विषयावर मंडळींच्या कित्येक सकाळी निभल्या आहेत. उतारा म्हणून एसटी आहे. पासष्टीनंतर अर्धे तिकीट आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीनंतर फुकट. पंचाहत्तरी गाठलेल्याने महिन्यातून एकदा कारण नसताना जळगावहून धुळ्याला जावे, पारोळ्याला चहा प्यावा आणि एसटीची अवस्था किती वाईट झाली आहे हे घरी येऊन सांगावे.

सरकारही आपल्या जगण्याच्या बाजूने आहे, हे विसरू नये. केंद्राच्या पेन्शनरला ऐंशीला वीस टक्के जादा मिळतात, पुढे दर पाच वर्षांनी दहा-दहा टक्के चढतात आणि शंभरीला मूळ पेन्शन दुप्पट होते. एवढी पदोन्नती नोकरीत असताना कोणी दिली होती? नोव्हेंबरात फक्त आपण हयात असल्याचे सिद्ध करावे लागते. बोटाचे ठसे उठत नाहीत, यंत्र 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणते, मागचा म्हणतो, 'आबा, बोट सोवळ्यात ठेवलंय का?' हा दिवस दवडू नये. वर्षभर न भेटलेली सगळी मंडळी त्या रांगेत भेटतात, आणि कोण आले नाही तेही तिथेच कळते.

आता मुख्य अंग, म्हणजे भरीत पार्टी. हिवाळ्यात मळ्यावर जावे. वांगी बामणोदकडची हिरवी, पांढऱ्या रेघांची. विस्तव पऱ्हाट्यांचा. येथे निवृत्त अधिकाऱ्याचे काम देखरेखीचे आहे. वांगी भाजणारा गडी तीस वर्षे वांगी भाजतो आहे, तरीही 'ते डाव्या हाताचं पलट' असे म्हणावे. तो पलटत नाही. पुन्हा म्हणावे. काळी साल निघाली की आत मऊ, वाफाळता, हिरवट गर दिसतो. तो बडगीत पडतो, मिरची-लसूण ठेचून येते, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि वर कढत तेल. कोणी बी.पी.ची गोळी काढली तर सगळ्यांनी आपापल्या काढाव्यात, रंगांची तुलना करावी आणि मग कळण्याची भाकरी मोडावी. डॉक्टरांनी तेल वर्ज्य सांगितलेल्याने एकच भाकरी घ्यावी, असा नियम आहे. दुसरीला तो लागू नाही.

घरातल्या आनंदाबद्दल थोडक्यात. घरातली बाई निवृत्त झालेली नाही. तिला निरोप समारंभ नाही, श्रीफळ नाही, आणि आता दिवसभर घरात एक माजी साहेब बसून आहे. डब्यांना चिठ्ठ्या लावणे, गॅस किती दिवस पुरला याची नोंद ठेवणे, बिबडे वाळत घातल्यावर गच्चीवर जाऊन सूचना देणे, हे प्रकार तात्काळ बंद करावेत. कानबाईच्या रोटांच्या वेळी तर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशीही दिसू नये. तिच्या म्हातारपणाची तब्येत बहुतांशी आपण घराबाहेर किती वेळ असतो यावर अवलंबून आहे. या विषयावर कोणी अभ्यास केल्याचे वाचनात नाही. गल्लीत कोणालाही विचारावे.

आध्यात्मिक आनंदासाठी धुळ्यासारखे गाव नाही. विनोबांनी गीतेवरची प्रवचने 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तेव्हा चांगले ऐकायला तुरुंगात जावे लागे; आता सकाळी साडेपाचला सूर्योदयाच्या चित्रासकट ते मोबाइलवर येऊन आदळते. पाठवणाऱ्याला हात जोडलेले चित्र पाठवावे आणि झोपावे. ज्यांना झोप येत नाही त्यांनी राजवाडे संशोधन मंडळात जाऊन आपल्या कुळाचा मूळ पुरुष शोधावा. तो सहसा सरदार निघत नाही, पण शोधण्यात दोन वर्षे बरी जातात.

एक खुलासा. ही कार्यपद्धती पोटापुरती पेन्शन येणाऱ्यांना लागू आहे. कारखान्यात किंवा एसटीत जन्म काढून ईपीएस-95ची किमान हजार रुपये पेन्शन घेणाऱ्याला 'आनंदी राहा' असे सांगायला जाऊ नये. तो आजही कुठल्यातरी अपार्टमेंटच्या गेटवर रात्रपाळीला खुर्ची टाकून बसलेला असतो, आणि त्याची पाळी सुटते तेव्हाच आपली फेरी सुरू होते. त्याची तक्रार छंदाची नाही. त्याला चहाला थांबवावे, पैसे आपण द्यावेत, आणि पेन्शनवाढीच्या मोर्चाला बोलावले तर जावे. पायांना व्यायामही होतो.

शेवटचे कलम गैरहजेरीचे. कोणी दोन दिवस काठावर दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी दोघांनी त्याच्या घरी जावे. एकट्याने जाऊ नये, तो घाबरतो. फोन आधी करू नये; फोनवर तो 'बरं शे' म्हणतो. रावेर-यावलकडच्या माणसाकडे केळी नेऊ नयेत, त्याच्या घरात घड लटकलेला असतो. 'तब्येत कशी?' हे विचारू नये. त्याच्या गैरहजेरीत त्याचा जुना साहेब किती चांगला माणूस होता अशी चर्चा निघाली होती, एवढेच सांगावे. तो उठून बसेल.